एकच प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅकवर काहीही न बदलता चालू शकतो का?

जावासारख्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला असेल तर चालू होतो. तिन्हीकडे सारखाच वागतो का, असं विचारलंत तर मात्र मी हो म्हणायला कचरेन.

तयार बायनरीचा, म्हणजे आधीच मशीनच्या भाषेत उतरवलेल्या प्रोग्रामचा, विषय लवकर संपतो: ती थेट चालतच नाही. प्रोसेसर तोच असला तरी विंडोजला पीई फॉरमॅट लागतो, लिनक्सला ईएलएफ, मॅकला माख-ओ, आणि सिस्टिम कॉलही (ऑपरेटिंग सिस्टिमकडे म्हणजे ओएसकडे काम मागायच्या पद्धती) ज्याचे त्याचे वेगळे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालतात ते 'वाइन' नावाचं सॉफ्टवेअर मधे बसून दुभाष्याचं काम करतं म्हणून.

जावानं 1995 मध्ये 'एकदा लिहा, कुठेही चालवा' अशी घोषणा दिली आणि ती बऱ्यापैकी पाळलीही. जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रामचं तयार गाठोडं, खरोखर तीच राहते. पण तिच्याखालचं, तिला चालवणारं जेव्हीएम (जावा व्हर्च्युअल मशीन) प्रत्येक ओएससाठी वेगळं बनवावंच लागतं. थोडक्यात, ती उठाठेव टळलेली नाही, आपल्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे.

खरी डोकेदुखी असते फाइल सिस्टिमची. कोडमध्ये फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल आणि डिस्कवर स्मॉल असलं, तरी विंडोज खपवून घेतं, मॅकही डीफॉल्ट सेटिंगला घेतो. तोच कोड लिनक्स सर्व्हरवर टाका, 'फाइल सापडत नाही' म्हणून आपटलाच. उलटंही होतं: उघडी असलेली फाइल लिनक्स निमूटपणे डिलीट करू देतं, विंडोज बहुतेकदा 'वापरात आहे' म्हणून अडवतं. आणि नुसत्या 'कॉन' (CON) नावाची फाइल विंडोजवर साध्या पद्धतीनं बनतच नाही, कारण डॉसच्या जमान्यापासून ते नाव कन्सोलसाठी राखीव आहे!

पण या चुका निदान ओरडतात तरी. एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या संकेतात साठवायची याची, चूक गुपचूप होते. जावा 18 (2022) येईपर्यंत जावाचा डीफॉल्ट कॅरेक्टर सेट (म्हणजे हेच एन्कोडिंग) ओएसच्या सेटिंगवरून ठरायचा. तेव्हा इंग्रजी विंडोजवर कॅरेक्टर सेट न सांगता देवनागरी मजकूर फाइलमध्ये लिहिला, की आत नुसती प्रश्नचिन्हं. एरर नाही, वॉर्निंग नाही. तीच जार यूटीएफ-8 (देवनागरीही सामावणारं एन्कोडिंग) सेटिंगच्या लिनक्सवर तोच मजकूर व्यवस्थित लिहायची, त्यामुळे डेव्हलपर छातीठोकपणे सांगायचा, 'माझ्याकडे तर चालतंय.'

तेव्हा भाषा कुठलीही घ्या, एन्कोडिंग दरवेळी स्पष्ट लिहा, पाथ (फाइलचा पत्ता) हातानं स्लॅश टाकून न जोडता लायब्ररीकडून जोडून घ्या, आणि टेस्ट पहिल्या दिवसापासून तिन्ही ओएसवर चालवा. शेवटी एकदाच चालवू म्हटलंत, तर कॅपिटल-स्मॉलचे घोळ शंभर फाइलींत पसरलेले सापडतील.