वर बघू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. आपल्या दोघांनाही असलेल्या, मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांचे आवरण झिजवणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाल्यापासून चालण्याचा आणि डोळ्यांचा त्रास तू मला वेळोवेळी कळवत आलास; परंतु गेले चार महिने पाणी पिताना ठसका लागतो, ही गोष्ट मात्र तू पत्राच्या अगदी शेवटी ता. क. घालून लिहिलीस, आणि ऑफिसात सर्वांबरोबर डबा खाणे बंद केल्याचेही त्याच ओळीत उरकलेस. नऊ वर्षांपूर्वी मीही हेच केले होते. एका लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा घोट भलत्या वाटेने गेला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी खोकले, आणि त्यानंतर वर्षभर प्रत्येक समारंभात ‘आज माझा उपास आहे’ असे सांगत राहिले. बाईंनी त्या वर्षी एकही संकष्टी आणि एकही एकादशी सोडली नाही, अशी थट्टा आमच्याकडे अजून होते. त्या वर्षात माझे वजन सहा किलोंनी उतरले, छातीत कफ साठून दोनदा ताप आला, आणि तेव्हा कुठे मी डॉक्टरांना खरे सांगितले. म्हणून तुझी ती ता. क.ची ओळ येत्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना सर्वांत आधी सांग. हा त्रास या आजारात दुर्मीळ नाही. किमान एक तृतीयांश रुग्णांना तो कधी ना कधी होतो, आणि आपण सांगितल्याशिवाय डॉक्टर तो विचारतीलच असे नाही.

प्रथम हे होते कशामुळे ते समजून घे, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. जिभेने घास मागे ढकलला की टाळूचा मागचा भाग उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकून श्वासनलिकेचे तोंड मिटते आणि अन्ननलिकेचे दार उघडते. घशातला हा सगळा व्यवहार साधारण एका सेकंदात पार पडतो आणि त्याची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेमकडे असतात. तेथील मज्जातंतूंचे मायलिनचे आवरण झिजले की संदेश उशिरा पोहोचतो. पाणी मात्र थांबत नाही. श्वासनलिका मिटण्याच्या आतच ते घशात उतरते, आणि म्हणूनच तुला भातापेक्षा पाण्याचा आणि चहाचा त्रास अधिक होतो.

आता आपल्या घरांतील एका सवयीबद्दल लिहिते. कोणालाही ठसका लागला की आई, आजी, शेजारी सगळे एका सुरात ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात, पाठीवर थापट्या मारतात आणि लगेच पाण्याचा पेला पुढे करतात. यातले वर बघणे तुझ्या बाबतीत चुकीचे आहे, कारण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट अधिक उघडी पडते आणि तोंडात उरलेलेही वेगाने खाली उतरते. पाणी तर त्या क्षणी मुळीच नको. थोडे पुढे वाकून, मोकळेपणाने, पुरेसा वेळ खोकायचे. खोकला ही शरीराने ठेवलेली राखण आहे, ती दाबायची नाही. हे आईला आधीच शांतपणे समजावून सांग, कारण ऐन ठसक्यात तुला बोलता येणार नाही. त्याच कारणासाठी तांब्याने वरून पाणी पिण्याची आपली सवयही सोडावी लागेल. पेल्यानेसुद्धा शेवटचा घोट घेताना नकळत मान मागे जाते, त्यामुळे पेला पूर्ण रिकामा करू नये; अर्धा झाला की पुन्हा भरावा. मला हे एवढेसे समजायला दोन वर्षे लागली.

तपासणी स्पीच थेरपिस्टकडून होते. बोलणे शिकवणारी व्यक्ती गिळण्याचे काय पाहणार, अशी शंका मलाही आली होती. पण बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बहुतांशी एकच असल्यामुळे हे त्यांच्याच अभ्यासाचे क्षेत्र आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था येथे हे तज्ज्ञ घडतात. १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखा पुण्यात आहे. तुझ्या जवळ कोण आहे, हे तेथे विचारता येईल. एक्स-रेत उठून दिसणारे बेरियम मिसळलेले पदार्थ खायला देऊन एक्स-रेवर गिळण्याचे चलच्चित्र घेतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. ही तपासणी टाळू नकोस, कारण काही जणांच्या घशाची संवेदनाच मंदावते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागत नाही. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होणे, कारण नसताना वारंवार ताप किंवा छातीत कफ होणे, जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे या अशा नकळत होणाऱ्या त्रासाच्या खुणा आहेत. घास गिळल्यावर अधूनमधून ‘आ’ म्हणून आवाज स्वच्छ निघतो का, ते ऐकत जा.

हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, एका घासासाठी दोनदा गिळणे, जोर लावून गिळणे या युक्त्या तुला शिकवल्या जातील. परंतु दुसऱ्याला लागू पडलेली युक्ती आपल्याला पडेलच असे नाही. हनुवटी झुकवल्याने मला बराच आराम पडला, तर माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना त्याने त्रास वाढला. तेव्हा माझे ऐकून काही सुरू करू नकोस. चित्रात काय दिसले, त्यावर थेरपिस्ट ठरवतील.

पाणी हळू उतरावे म्हणून ते घट्ट करण्याचेही तसेच आहे. त्यासाठी पेये आणि अन्न किती पातळ वा घट्ट हे सांगणारी ० ते ७ अशी आठ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे आणि तिची परीक्षा मोठी गमतीची आहे: ठरलेल्या मापाच्या १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढायचा, खाली बोट लावून द्रव १० मिलीपर्यंत भरायचा, बोट काढून १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचे. ४ ते ८ मिली उरले, तर ती २ क्रमांकाची पायरी. साधे पाणी तेवढ्या वेळात जवळजवळ सगळे वाहून जाते. मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून ताक, कढी, सार, आमटी यांची अशी परीक्षा घेतली होती. घट्ट करण्याची जी पूड मिळते, ती स्टार्चची असेल तर लाळेने पुन्हा पातळ होते. नाचणीच्या आंबिलाचेही तेच होते. झँथन गमची पूड तशी सैल पडत नाही. तरीही जितके घट्ट तितके सुरक्षित, असे समजू नकोस. फार घट्ट पदार्थ घशातच चिकटून राहतो, आणि त्या चवीला कंटाळून माणूस पाणीच कमी पितो.

ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी सर्वांत घातक आहे. लघवीच्या घाईमुळे आपण आधीच पाणी मोजूनमापून पितो; त्यात ठसक्याची भीती आली की पाणी आणखी कमी होते, लघवीला संसर्ग होतो, अंगात ताप येतो आणि तापाने आजाराची सगळी लक्षणे, गिळणेसुद्धा, बिघडतात. शरीर तापले की लक्षणे वाढण्याला उथॉफचा परिणाम म्हणतात. १८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावल्याचे नोंदवले, त्यावरून हे नाव आले. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात मी मुख्य जेवण सकाळी नऊच्या आत उरकते. संध्याकाळी थकव्याने जबडा जड होतो, तेव्हा थोडेसे मऊ खाते.

स्वयंपाकाबद्दल तुझी आई विचारेल. तिला सांग की सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे एकाच घासात पातळ आणि घट्ट दोन्ही असलेले: पेज, शिकरण, पातळ आमटीत भिजलेला भात, दुधातले पोहे. तोंडात असताना पाणी आधी निसटते आणि शिते मागे राहतात. चिवडा, भडंग, शेव यांचा चुरा घशात विखुरतो. बेसनाच्या कोरड्या लाडवाने तोठरा बसतो. साबुदाण्याच्या खिचडीत चिकटपणा आणि दाण्याचे कूट दोन्ही येतात. उलट घट्ट वरण आणि तूप घालून एकजीव केलेला गुरगुट्या भात, गाठी न होऊ दिलेले पिठले, तुपातला सैलसर सांजा, दही, श्रीखंड यांनी माझी त्यानंतरची वर्षे बरी गेली आहेत. आइस्क्रीम मऊ म्हणून खाऊ नकोस. ते तोंडात पाणी होते.

गोळ्यांबाबत एक ताकीद. गोळी उतरत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटण्याचा मोह होतो. चालण्यासाठी तुला दिलेली फॅम्प्रिडिनची गोळी हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. ती कुटली तर सगळे औषध एकदम रक्तात उतरून आकडी येण्याचा धोका वाढतो. प्रत्येक गोळीचे वेगळे विचारून घे. लघवीच्या घाईसाठीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाल. जेवताना ताठ बस, जेवल्यावर अर्धा तास आडवा होऊ नकोस, आणि रात्री दात घासल्याशिवाय झोपू नकोस. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

गिळणे अचानक बिघडले आणि ताप नसताना २४ तासांहून अधिक तसेच राहिले, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो. लगेच न्यूरॉलॉजिस्टना कळव. घास अडकून बोलता, खोकता, श्वास घेता येईना, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार धक्के, मग मागून मिठी मारून पोटावर बेंबीच्या वर पाच आतवर दाब, आणि १०८ला फोन, हे डब्याला बसणाऱ्या किमान एका सहकाऱ्याला शिकवून ठेव.

पोटात नळी घालण्याची भीती तू लिहिलीस. काहींना ती लागते, आणि ती घातल्यावरही बरेच जण चवीपुरते तोंडाने खातात. तुझ्यापुढे आज तो प्रश्न नाही.

सोमवारी डबा घेऊन सर्वांबरोबर बस. ‘मला गिळायला वेळ लागतो, मी घास तोंडात असताना बोलणार नाही, तुम्ही बोला’ एवढेच सांग. तपासणीची तारीख मिळाली की कळव, आणि डब्यात काय नेलेस तेही.

तुझ्या
बाई