घर, सासर, मुलं सांभाळून प्रेमकादंबरी लिहिणं जमतं का? आणि घरी काय सांगायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन मुलं आहेत, धाकटं दीड वर्षाचं, घरात सासूसासरे, आणि सगळे झोपले की पांघरुणात मोबाईलचा उजेड कमी करून तुम्ही प्रेमकथा लिहिता, घरात कुणालाच माहीत नाही. आणि विचारलंय की कादंबरी लिहिणाऱ्या बायकांचा दिवस नेमका कसा असतो, वेळ कुठून काढतात, टोपणनाव घ्यावं का. मी साताऱ्यात राहते, काही वर्षं झाली लिहिते, पुस्तक अजून छापून आलेलं नाही पण प्रतिलिपि या गोष्टी वाचायच्या-लिहायच्या ॲपवर भाग टाकते आणि वाचणाऱ्या बायका भरपूर आहेत, तर मला जे माहितेय ते सांगते.

जमतं. वेळ निघतो. पण वेळेच्या आधी घरात सांगायला लागतं, कारण घराला माहीतच नसेल की तुम्ही काहीतरी करताय तर घर तुम्हाला तो तास देणार कसा? सासूबाई हाक मारणारच, त्यांच्या दृष्टीने तुम्ही मोबाईल बघत बसलाय. त्यात त्यांचा काही दोष नाही.

माझा दिवस सांगते. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हापासून सुरू, मग दोन डबे, यांचा वेगळा कारण हे एसटीच्या कार्यशाळेत आहेत आणि लवकर निघतात, मग मुलगा नववीत त्याचा क्लास, मुलगी चौथीत तिची वेणी आणि रोज सापडत नसलेला एक मोजा, आईंची बीपीची गोळी, मग स्वयंपाक धुणं भांडी. संध्याकाळी पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते घरीच. मधली दुपार अडीच ते चार माझी. त्यात रोज लिहून होतंच असं नाही, कधी पाहुणे येतात, कधी गॅसवाला, कधी नुसती झोप लागते.

पण खरं लिहिणं दुपारी होतच नाही, दुपारी फक्त टाईप होतं. लिहिणं होतं भाकरी थापताना. हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं असतं, तेव्हा ती त्याला काय म्हणाली, तो गप्प का बसला, मग ती उठून गेली की तिथेच बसून राहिली, हे सगळं तव्यापाशी ठरतं. मी ओट्यावर मोबाईल उभा ठेवते आणि संवाद सुचला की बोलून ठेवते, कीबोर्डवरचं माईकचं बटण दाबलं की मराठी बऱ्यापैकी उतरतं, फक्त कुकरची शिट्टी झाली की मधली दोन वाक्यं गायब होतात आणि विरामचिन्हं सगळी नंतर स्वतः घालायला लागतात. तरी ते विस्कळीत का असेना हाताशी असलं की दुपारी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही. हे तुम्ही उद्यापासून करू शकता, त्याला वेगळा वेळ लागत नाही.

आता घरात सांगण्याबद्दल. प्रेमकथा म्हटलं की अडचण वेगळीच असते हे मला माहितेय. कुणी रेसिपी लिहिते म्हणाली तर कौतुक होतं, आणि प्रेमकथा लिहिते म्हटलं की पहिला प्रश्न, हे सगळं कुणाबद्दल आहे? नातेवाईकांत कुजबुज होते. मालतीबाई बेडेकरांनी 1933 साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने कथा छापल्या, शिकलेल्या, लग्न न झालेल्या बायकांच्या मनातलं लिहिलं, तर केवढं वादळ उठलं होतं, ही बाई कोण म्हणून लोक शोधत होते. इतकी वर्षं झाली त्याला पण बाईने प्रेमाबद्दल लिहिलं की तिच्या आयुष्यात डोकावायची सवय अजून गेलेली नाही. म्हणून टोपणनाव घ्यायचं असेल तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही, मीही घेतलंय. पण ते टोपणनाव बाहेरच्यांसाठी. नवऱ्याला आणि सासूला माहीत असू द्या की ती तुम्हीच.

मी यांना सांगितलं ते असंच रात्री जेवणं झाल्यावर, की मी एक कादंबरी लिहितेय, नायिका एसटीत कंडक्टर आहे, सातारा-बामणोली गाडीवर, आणि मला तुमच्याकडून माहिती पाहिजे. हे आधी काहीच बोलले नाहीत. मग मी विचारलं की नायक रोज त्याच गाडीला असतो आणि रोज ती भेटते असं दाखवलं तर चालेल का, तर म्हणाले, "रोज तीच ड्युटी कशी लागेल तिला? आलटून पालटून लागते. आज बामणोली असेल तर उद्या कोरेगाव." आणि मग ताई मला एकदम कादंबरी सापडली बघा. म्हणजे त्याला कधीच माहीत नसणार की आज गाडीत ती आहे की दुसरं कुणी, तो स्टँडवर उभा राहणार आणि गाडी लागली की आधी दाराकडे बघणार. सगळी ओढ त्यातच आली, मला वेगळी काही वर्णनं करायलाच लागली नाहीत. त्या रात्री हे बारापर्यंत सांगत बसले होते, डबल बेल कधी, सिंगल बेल कधी, ड्युटी संपल्यावर कॅशचा हिशोब जुळला नाही तर कंडक्टरच्या पोटात कसा गोळा येतो, घाटात गाडी बंद पडली की प्रवाशांना कोण काय सांगतं. इतकं सलग आम्ही कित्येक दिवसांत बोललो नव्हतो. आता स्वतःहून विचारतात की पुढे काय झालं त्या दोघांचं.

त्या गाडीत मी एक आजी पण घातल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी 2022 पासून फुकट आहे, त्यामुळे या आजी काही ना काही निमित्त काढून रोज साताऱ्याला येतात आणि दोघांना बघत असतात. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाड्या बायकांनी भरलेल्या असतात, मग नायकाला बसायला जागा कुठली, तो उभाच, आणि उभा म्हणजे कंडक्टरच्या वाटेत. हे सगळं रोजचं, डोळ्यांसमोरचं आहे. हल्ली ऑनलाईन प्रेमकथांमध्ये नायक सीईओ असतो, कॉन्ट्रॅक्ट मॅरेज असतं, बंगला असतो, आणि वाचतात लोक, मीही वाचलंय रात्र रात्र जागून. पण आपल्यासारख्या घरात राहून लिहिणाऱ्या बाईने ते लिहायला घेतलं की सगळं उसनं आणायला लागतं, आणि संसारात उसनं शोधत बसायला वेळ नसतो. दीड खोलीच्या घरात नवराबायकोला दोन मिनिटं एकटं मिळत नाही, ही केवढी मोठी प्रेमकथा आहे, आणि तिची माहिती आपल्याइतकी कुणाला असणार?

सासूबाईंचं सांगते, कारण तुम्हाला भीती त्यांचीच जास्त दिसतेय. आमच्या आईंना वाचता येत नाही. मी काय लिहिते ते त्यांना कळलं तेव्हा माझ्याच छातीत धडधड होती. त्या म्हणाल्या, वाचून दाखव. मी दोन भाग वाचून दाखवले, त्यातला जरा जवळिकीचा भाग सोडून. त्या ऐकत शेंगा सोलत होत्या. मग बऱ्याच वेळाने स्वतःचं सांगायला लागल्या. आबा, म्हणजे माझे सासरे, मुंबईला गिरणीत होते, जावळी-पाटणकडची घरटी माणसं तेव्हा मुंबईला, कुणी गिरणीत कुणी माथाडी, आणि बायका गावाला. महिन्याला मनीऑर्डर यायची आणि त्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असायची तेवढंच काय ते पत्र. आणि ते वाचणार कोण तर पोस्टमन, ओट्यावर उभा राहून मोठ्याने, आजेसासूबाई समोर बसलेल्या. म्हणजे बायकोला लिहायचं काय? तर आबा लिहायचे, "सर्वांस नमस्कार. आईच्या तब्येतीस जपणे. वाकळा उन्हात घालणे." आजेसासूबाईंना वाटायचं किती काळजी घराची. आणि वाकळा उन्हात घालणे याचा अर्थ फक्त या दोघांनाच माहीत होता, की या महिन्यात रजा मिळालीय, येतोय. आई सांगत होत्या की पोस्टमन ते वाचायचा आणि मला मान खाली घालावी लागायची, हसू फुटायचं म्हणून. पुढे 82 च्या जानेवारीत संप झाला आणि आबा कायमचेच गावी आले, मग हाल झाले खूप, ते वेगळं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लग्न होऊन आल्यापासून कधी बघितलं नव्हतं. मी विचारलं की हे मी लिहू का, तर म्हणाल्या, "लिही, नावं बदल, आणि वाकळा तेवढ्या ऱ्हाऊ दे."

आता दुपारी अडीच वाजता कुणी दार वाजवलं तर आईच उठतात. मी लिहीत असले की मुलीला पण त्याच आवरतात. मी मागितलं नव्हतं हे. तुमच्या सासूबाई अशाच वागतील असं मी म्हणणार नाही, घराघराचं वेगळं असतं, काही ठिकाणी पहिले काही महिने टोमणे ऐकावे लागतात आणि तेवढी तयारी ठेवाच. पण लपवलेलं एक दिवस दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं कधीही बरं.

मुलांचं म्हणाल तर मुलगा नववीत आहे, त्याच्या हातात मोबाईल असतो, तो कधीतरी वाचणार हे धरूनच चालते. त्याला मी सांगितलंय की आई मोठ्यांसाठीच्या गोष्टी लिहिते, त्यात नवराबायकोचं प्रेम असतं, मोठा झालास की वाच. तो लाजला आणि विषय संपला. जवळिकीचे प्रसंग मी लिहिते, टाळत नाही, कारण प्रेमकथेत ते टाळले की वाचणारीला फसवल्यासारखं होतं, पण असं लिहिते की उद्या कुणी माझ्यासमोर मोठ्याने वाचलं तरी मला उठून जावं लागू नये. तुमची मर्यादा तुम्ही ठरवा, दुसऱ्यांच्या लाईक्स बघून ठरवू नका.

भाग टाकण्याबद्दल एक गोष्ट. पाच-सहा भाग हातात शिल्लक असल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. एकदा टाकायला सुरुवात केली की "पुढचा भाग कधी" सुरू होतं, ते वाचून बरं वाटतं पण मुलाला ताप आला, घरात कुणी ॲडमिट झालं की तेच वाचून जीव दडपतो. गौरी-गणपतीत, दिवाळीच्या फराळात आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षांत मी आधीच कळवून थांबते. कुणी रागवत नाही, वाचणाऱ्या पण बायकाच, त्यांच्याही घरी गौरी असतात.

पैशाचं खरं सांगायचं तर यावर घर चालत नाही. माझं घर यांच्या पगारावर आणि माझ्या शिकवण्यांवर चालतं. पुढे कुणी पुस्तक छापतो म्हणून फोन करेल, पैसे भरा म्हणेल, तर घाई करू नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा नंबर, आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे सांगितले तर तिथेच सावध व्हा. आणि हक्क देण्याचा करार नीट वाचा, किती वर्षांसाठी देताय ते त्यात लिहून घ्या, काहीच लिहिलं नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे पाच वर्षं धरतात, पण "कायमचे हक्क" असं लिहिलेल्या कागदावर सही केली की मग बोलायला जागा राहत नाही. आपली गोष्ट कितीही साधी असली तरी ती आपल्या हयातीपर्यंत आणि पुढे साठ वर्षं आपली आणि आपल्या मुलांची असते, तर मुलांसाठी म्हणून तरी सांभाळा.

शेवटचं तुमच्या धाकट्याबद्दल. दीड वर्षाचं बाळ असताना रात्री जागून लिहू नका ताई, दिवसभर तुम्हीच उचलणार त्याला. सध्या पूर्ण कादंबरी नको, छोट्या कथा लिहा, एका बैठकीत संपतील अशा, आणि कादंबरीतली माणसं नुसती मनात वाढू द्या, नाव काय, घरी कोण, कशाला चिडतात, हे वहीत मागच्या पानावर टिपून ठेवा. बाळ अंगणवाडीत जायला लागलं की सकाळचे काही तास मिळतील. आणि या रविवारी जेवणं झाल्यावर आधी नवऱ्याला सांगा, गोष्ट काय आहे ते पण सांगा, फक्त "मी लिहिते" एवढंच नको. गोष्ट ऐकली की माणूस प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारायला लागला की तो तुमच्या बाजूचा झाला.