मशीन दसऱ्याला घ्यायचं की थांबायचं?

प्रश्न : शाहूपुरीत आमचं नामफलकांचं छोटं दुकान आहे. हे फिटिंग बघतात, मी डिझाइन आणि हिशेब. अक्षरांचं कटिंग शिवाजी उद्यमनगरात बाहेरून करून घेतो. पाडवा-दसऱ्याच्या आधी कटिंगचं बिल 16 ते 19 हजारांवर जातं, एरवी 6-7 हजार. गेल्या दसऱ्याला दोन दिवस नंबर लागला नाही आणि एक चांगलं गिऱ्हाईक हातचं गेलं. लेसर मशीनचं कोटेशन साडेचार लाखांचं आहे, जीएसटी वेगळा. बँक 11 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी 4 लाख द्यायला तयार आहे. येत्या दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यावं का?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, या दसऱ्याला घेऊ नका.

तुम्ही दसऱ्याचं बिल बघून मशीनचा विचार करताय. मी म्हणतो, आषाढाचं बघा. आषाढात आणि पितृपक्षात आपल्याकडं कोण नवं दुकान उघडतं? त्यात पावसामुळं बाहेरचं फिटिंगही अडतं. त्या महिन्यांत तुमचं बिल 6 हजार. 4 लाखांचा हप्ता येईल महिन्याला साधारण 13,100 रुपये, आणि तो आषाढातही तेवढाच. मशीन आल्यावर वाचते ती फक्त कटिंगची मजुरी. ॲक्रिलिकची शीट तुम्हालाच आणायची आहे, वीज तुमची, आणि लेसरचा किरण तयार करणारी काचेची ट्यूब ही कायमची वस्तू नव्हे. वापरानं तिचा जोर कमी होत जातो आणि एक दिवस ती बदलावीच लागते.

हे मी भोगलं आहे म्हणून सांगतो. 2011 च्या गुढीपाडव्याला मी सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकावर चालणारं, फिरत्या पात्यानं कापणारं मशीन घेतलं. एका मोठ्या दुकानदारानं सगळ्या शाखांचे एसीपी (मध्ये प्लॅस्टिक आणि दोन्हीकडं ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली शीट) बोर्ड देतो म्हणून तोंडी शब्द दिला होता. तीन महिन्यांत ते काम थांबलं. त्या आषाढात बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दोन हप्ते भरले. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, पण पाटल्या सुटेपर्यंत मला नीट झोप लागली नाही. मशीन उत्तम होतं. काम यायच्या आधी ते आलं, एवढंच चुकलं.

आता एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाहेर कापून आणता त्यात ॲक्रिलिक किती आणि सनबोर्ड किती? सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. तो लेसरवर कधीही घालायचा नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, माणसाच्या छातीला घातक आणि मशीनच्या लोखंडाला, आरशांनाही खाणारा. एसीपीचं कामही या लेसरवर होत नाही, त्याला राऊटरच लागतो. तेव्हा निम्मं बिल सनबोर्डाचं असेल तर लेसर घेऊनही तुम्ही निम्म्या कामासाठी उद्यमनगरातच जाणार. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. बेडचं, म्हणजे शीट ठेवायच्या पाटाचं, मापही विचारा. 1300 बाय 900 मिलिमीटरच्या बेडवर आठ बाय चार फुटांची शीट अख्खी बसत नाही, आधी तोडावी लागते.

गेल्या दसऱ्याला गिऱ्हाईक गेलं त्याचं दुःख मी समजू शकतो, पण त्यावर कर्जाशिवाय उपाय आहे. कटिंगवाल्याशी आत्ताच बोला. दसऱ्याआधीच्या पंधरा दिवसांत रोज दोन तास तुमचे, त्याचा ॲडव्हान्स आधी. फाइल आदल्या रात्री पाठवा, रेषा जोडलेल्या आणि अक्षरांचे कर्व्ह केलेले, म्हणजे फॉन्टच्या जागी नुसत्या रेषा. अर्धा उशीर फाइल दुरुस्त करण्यात जातो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

मग घ्यायचं कधी? साडेचारातले अडीच लाख स्वतःचे उभे राहतील तेव्हा. 2 लाखांच्या कर्जाला हप्ता साधारण 6,550 येतो, म्हणजे तुमच्या आषाढाच्या बिलाएवढा. ट्यूब आणि वीज सणाच्या महिन्यांतून निघेल. मात्र हे गणित बिल बहुतेक ॲक्रिलिकचं असेल आणि मशीन तुम्ही स्वतः चालवणार असाल तरच जमतं. ऑपरेटरचा पगार त्यात बसत नाही.

जीएसटीचे 18 टक्के, म्हणजे 81 हजार, वेगळे धरा. नियमित पद्धतीनं कर भरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळेल, म्हणजे तो तुम्ही भरायच्या करातून वजा होईल; कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची छोट्यांसाठीची योजना) असाल तर नाही. आणि मुहूर्त पाळायचा तर अक्षय्य तृतीया बरी, किंवा एप्रिलात येणारा गुढीपाडवा. दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांनंतर आला की त्या आर्थिक वर्षात मशीन 180 दिवसांपेक्षा कमी वापरात राहतं आणि घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी आयकरात मिळणारी वजावट, निम्माच मिळतो.

शेवटचं, जागेचं. ऑगस्ट 2019 मध्ये पुराचं पाणी शाहूपुरीत शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. लेसर काही दोघांनी उचलून माळ्यावर नेण्याची वस्तू नाही. तुमच्या गाळ्यात 2019 चं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर शोधा. ती मशीनच्या पायांच्या वर असेल तर आधी दुसरी जागा बघा. विमा घेतानाही पूर त्यात धरला आहे का, ते कागद वाचून बघा, तोंडी विचारून नको.

गेल्या बारा महिन्यांची कटिंगची बिलं ॲक्रिलिक, सनबोर्ड, एसीपी अशी वेगळी करून मला पाठवा. आकडे बघून पुढच्या अंकात पुन्हा बोलू.