मावशीच्या पाठीतली सळई

प्रश्न : १९८१ साली मावशीच्या वाकड्या कण्यात स्टीलची सळई बसवली. ही कल्पना कुणाची?

उत्तर : बहुधा ती ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांची सळई. पोलिओने कणा वाकलेली मुलं त्यांच्याकडे येत. १९५०च्या दशकात त्यांनी आकडे (हुक) लावलेली सळई घडवली. जॅकसारखी खाचेखाचेने सरकवून कणा ताणायचा. पकड मात्र टोकांनाच, म्हणून पुढे कित्येक महिने प्लास्टर! मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी मग मणक्यामणक्याला तारेने सळई बांधली आणि प्लास्टर टाळलं. मला हीच युक्ती अधिक आवडते, जरी मज्जारज्जूलगत तार ओवताना आम्हा सर्जनना घाम फुटायचा.

हॅरिंग्टन सळई कमरेपर्यंत उतरली असेल, तर तिथला नैसर्गिक बाक सपाट होऊ शकतो. मावशी पुढे झुकून चालतात का? मग उभ्याने एक्स-रे काढून घ्या.