छोट्या दुकानाने हिशोब क्लाउडवर टाकण्याआधी काय बघावं?

हिशोब क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून सॉफ्टवेअर कंपनीच्या कॉम्प्युटरवर, न्यावा की नाही असं विचाराल तर न्या, बिनधास्त न्या. पण आधी एवढं बघा: खातं कुणाच्या मोबाइल नंबरवर उघडलंय?

आमचं पारोळ्याला बी-बियाणं आणि खताचं दुकान. मी आणि मोठा भाऊ. क्लाउडवर गेलो तेव्हा सगळं दुकानातल्या पोराने लावून दिलं, नंबरही त्याचाच टाकला. मला काही वावगं वाटलं नाही. पुढे पोरगा चाकणला कंपनीत लागला. जूनचा पहिला आठवडा, कपाशीच्या बियाण्याला ही गर्दी, आणि स्क्रीनवर 'मुदत संपली'. पैसे भरायला मी तयार, पण ओटीपी चाकणला! पोरगा पहिल्या पाळीत, मोबाइल लॉकरमध्ये. दादाने गल्ल्याखालून लाल वही काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "आते कोठे शे तुना ढग?" सगळे हसले. कुणाची जुनी बाकी किती, मला सांगता येईना. दुपारी पाळी सुटली तेव्हा ओटीपी आला.

चूक ढगाची नव्हती, माझी होती. दादाला हे अजून पटत नाही. आणि २०१७ साली, जीएसटी नुकताच लागला होता, तेव्हा वीज पडून दुकानातलाच कॉम्प्युटर जळाला, त्याचं काय? बॅकअपही त्यातच होता. आखाजीपासूनची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासूनची, उधारी लोकांच्या इमानावर वसूल केली. तो विषय घरात निघत नाही.

तर नंबर मालकाचा हवा. सगळा हिशोब एक्सेलमध्ये उतरवता येतो का, ते पैसे भरण्याआधी स्वतः करून बघा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मी दर रविवारी उतरवतो, पेनड्राइव्ह घरी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. जीएसटीचा हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. सॉफ्टवेअरवाल्याने गाशा गुंडाळला तरी विचारणार तुम्हालाच.

लाइट गेली तर चार्ज असलेल्या लॅपटॉपवर मोबाइलच्या हॉटस्पॉटने बिल निघतं, तेवढी रेंज दुकानात आहे का बघा. अर्थात हे सगळं आमच्यासारख्या तीन-चार माणसांच्या दुकानापुरतं. बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरचं भाडं माणसागणिक असतं, पंधरा-वीस जण असतील तर आधी आकडेमोड करा.

दादाची लाल वही अजून चालू आहे. तिची झेरॉक्स कुठे ठेवलीय विचारलं, की तो पंखा फास्ट करायला उठतो.