वाचक विचारतात: गोष्टी शोधून मांडायचं करिअर

प्रश्न: ताई नमस्कार, मी कागलची, सध्या पुण्यात एका एजन्सीत सोशल मीडियासाठी कॉपी लिहिते. काम वाईट नाही पण मन भरत नाही. मला क्रिएटिव्ह स्ट्रॅटेजिस्ट व्हायचंय, म्हणजे स्टोरीटेलिंग, क्युरेशन (काय दाखवायचं ते निवडून मांडणं), संस्कृतीवरचा रिसर्च असं सगळं मिळून. ऑफिसात एक सीनियर म्हणाले आधी बाहेरची डिग्री घे, नाहीतर कोणी दारात उभं करणार नाही. आणि घरी तर हे काम काय असतं तेच कुणाला कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी घरच्यांचं बघू. त्यांना सांगा की एखाद्या कंपनीला, म्युझियमला नाहीतर फेस्टिव्हलला लोकांपुढे एखादा विषय मांडायचा असतो, तेव्हा त्यात खरं काय आहे ते शोधायचं, काय ठेवायचं काय गाळायचं ते ठरवायचं आणि कुठून सुरू करून कुठे न्यायचं ते बघायचं, हे माझं काम. एवढं पुरे.

आता मुख्य मुद्दा. या कामात सगळ्यांना डेक, म्हणजे क्लायंटला दाखवायचं प्रेझेंटेशन, बनवायची घाई असते आणि शोधायचा कंटाळा असतो, आणि माझं ठाम मत आहे की इथे माणूस टिकतो तो शोधण्यावर. तुमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं घ्या ना. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अंगठ्याच्या चपला रॅम्पवर आणल्या, माहितीत नुसतं लेदरच्या सँडल्स, कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. आणि कोल्हापुरीला जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू याच भागातली अशी सरकारी नोंद, २०१९ लाच मिळालेला, कोल्हापूर सांगली सातारा सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव धारवाड बागलकोट विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा मिळून. गदारोळ झाला तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हाताने बनवलेल्या चपलांची आहे. आता बघा, एवढ्या मोठ्या कंपनीत हे कुणाचं आहे, आज कोण बनवतं, नाव कसं द्यायचं हे रॅम्पच्या आधी कुणीतरी विचारायला हवं होतं. तुम्हाला जे व्हायचंय ना, ते हे विचारणारं माणूस.

म्हणून डिग्री नंतर बघू, आधी एक विषय शेवटपर्यंत करा. पायताणच घ्या की. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कसं कमावतात, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने कसं शिवतात, वेण्या घालायला घरातल्या कुणाचे हात लागतात आणि त्या हातांना वेगळे पैसे मिळतात का, हे सगळं तिथे जाऊन बसून विचारा. आणि एक, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार समाजाने केलंय. वारसा वारसा म्हणत ब्रोशर छापताना जात हळूच गाळली जाते, ते मला फार खटकतं, तुम्ही गाळू नका.

नमुना हवा असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या बघा, एक लाखाहून जास्त आहेत आणि २०१७ पासून ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या वेबसाइटवर टप्प्याटप्प्याने येतायत. ओवी आहे, विषयवार लावलेली आहे, आणि कुठल्या गावच्या कुठल्या बाईची ते तिच्या नावासकट आहे. नुसतं ‘लोकगीत’ लिहून मोकळं होता आलं असतं, पण ती नावं टिपली म्हणून आज त्या बायकांच्या लेकी-सुनांना आपल्या आईचं नाव तिथे सापडू शकतं. मला विचाराल तर महाराष्ट्रात या कामाचा याहून चांगला धडा नाही.

मग जमलेल्यातलं थोडंच निवडून गावातल्या वाचनालयात एक छोटं प्रदर्शन लावा. एका पाटीवर साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ नका, उभ्याने कोणी वाचत नाही. मांडणी कशी बोलते ते मुंबईत २०१७ मध्ये दिसलं होतं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या नॅशनल म्युझियमसोबत ‘भारत आणि जग’ नावाचं, नऊ कथांमध्ये मांडलेलं प्रदर्शन केलं, इथली वस्तू आणि त्याच काळातली तिकडची वस्तू शेजारी शेजारी, की बघणारा आपोआप तुलना करायला लागतो.

प्रश्न: मी ठाण्याची, मुलं मोठी झाली, आता क्युरेशन शिकायचंय. परदेशी जाणं शक्य नाही. इथे काही आहे का?

उत्तर: आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने कलेचा इतिहास आणि क्युरेशनचा पदविका कोर्स चालवलाय, प्रवेशाचं सध्या काय ते त्यांनाच विचारा. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून, तिथे दोन दिवस नुसतं फिरून कोणी काय कुठे ठेवलंय याच्या नोंदी करा, खूप कळतं. वयाचं मनात आणू नका, म्हाताऱ्या माणसांकडून गोष्ट काढून घ्यायला तुमच्या वयाचा उपयोगच होतो.

प्रश्न: फ्रीलान्स करतो. क्लायंट म्हणतात रिसर्चचे वेगळे पैसे कशाला, गुगल आहे की. काय उत्तर देऊ?

उत्तर: वाद घालू नका, कोटेशनमध्येच वेगळ्या ओळी टाका. फील्डवर्कचे दिवस आणि प्रवास एक ओळ, रेकॉर्डिंग ऐकून उतरवून घेणं दुसरी, आणि ज्यांच्याशी बोलणार त्या कारागिरांचं, कलाकारांचं मानधन तिसरी, ही तिसरी काढायला सांगितली तर काम सोडायची तयारी ठेवा. लेखी संमती मराठीत घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आवाज आणि फोटो कुठे कुठे वापरणार ते स्पष्ट लिहा, आणि रेकॉर्डिंगची एक कॉपी त्या घरी पोचवा. अॅडव्हान्स हातात आल्याशिवाय गाडीत बसू नका.