हापूसच्या फोडी गोठवून परदेशी पाठवायच्या आहेत, कोणता फ्रीजर घ्यावा?

तुमची राजापूर तालुक्यात हापूसची बाग आहे, बांधावर फणस आहेत, आणि फळं कापून, गोठवून बाहेर पाठवायची तर कोणता फ्रीजर घ्यावा असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात उत्पादन बघतो. फ्रीजरचं सांगतोच, पण आधी अढीबद्दल, म्हणजे आंबे गवतात पिकत घालतात त्याबद्दल, बोलूया. फोडी चांगल्या होणार की लगदा होणार, ते तिथेच ठरतं.

हापूसचा गर मुळात मऊ. आपण घरी चवीने खातो तसा पुरता पिकलेला आंबा घेतलात तर फोडीच्या कडा सुरीखालीच सुटतात, आणि गोठवून वितळवल्यावर ताटलीत निम्मा रसच दिसतो. कच्चट घेतलात तर फोड ताठ राहते, पण आंबट लागते, आणि गोठलेलं फळ पुढे पिकत नाही. आपल्याला हवी मधली अवस्था: रंग आलेला, वास सुटलेला, पण अंगठ्याने हलकेच दाबलं तर किंचितच दबणारा. ती जेमतेम दिवसभर टिकते. म्हणून अढी रोज उलगडून, एकेक फळ हातात घेऊन निवडणारी जाणती माणसं लागतात. मोठा माल एकसारखा पिकवायचा असेल तर रायपनिंग चेंबर घ्या. त्यात इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, चालतो. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गोष्ट साका. बाहेरून देखणा आंबा, आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस. अख्खं फळ पाठवणाऱ्याचा साका गिऱ्हाइकाच्या घरी उघडा पडतो, आपला आपल्याच टेबलावर. कापीव मालाचा हा मोठा फायदा मला वाटतो, पण तो पदरात पडायला टेबलावर भरपूर उजेड हवा, आणि कापणाऱ्या बाईला संशय येईल ते फळ बाजूला टाकायची मोकळीक हवी. किलोवर मजुरी ठरवलीत की साका ट्रेमध्ये गेलाच म्हणून समजा. मजुरी दिवसावर द्या.

साल, बाठा आणि बाठ्याला चिकटलेला गर वगळला की फोडींचा उतारा वजनाच्या निम्म्याच्या आसपास येतो, कधी त्याहून कमी. मऊ निघालेली फळं आणि बाठ्याचा गर पल्पला गेला तरच हिशोब जमतो. त्यामुळे नुसत्या फोडींचा कारखाना हापूसवर उभा राहील असं मला वाटत नाही, जोडीला पल्प हवाच. शिवाय मार्च-एप्रिलचा आंबा वाशीच्या बाजारालाच जाणार, तो दर प्रक्रियेला परवडत नाही. आपल्या वाट्याला येतो तो मे महिन्यातला, दर उतरल्यावरचा.

आता फ्रीजर. फळातल्या पाण्याचा बराचसा बर्फ साधारण उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यात होतो. तिथे फोड जितकी रेंगाळेल तितके बर्फाचे कण मोठे होतात, पेशी फाटतात आणि वितळताना रस गळतो. साध्या डीप फ्रीजरमध्ये नेमकं हेच होतं. म्हणून उणे ३५ ते उणे ४० अंशांच्या जोरदार वाऱ्याचा ब्लास्ट फ्रीजर लागतो. फोडी ट्रेवर एकाच थरात, सुट्या मांडायच्या आणि गाभा उणे १८ ला आल्यावरच पिशवीत भरायच्या. सुरुवातीला हे पुरे. आयक्यूएफ लाइन, म्हणजे पट्ट्यावरून जाताना फोड न् फोड सुटी गोठवणारं सलग चालणारं यंत्र, रोजचा माल टनांत असेल तेव्हाच बघा.

पुढे साठवणही उणे १८ किंवा त्याखालीच, आणि इथे आपल्या कोकणात वीज हा खरा घोर आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. जनरेटर आणि डिझेलचा साठा पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

स्वच्छतेत जराही सूट घेऊ नका. या फोडी कुणी शिजवत नाही, पाकीट फोडून तशाच खातात, आणि थंडीने जंतू झोपतात, मरत नाहीत. लिस्टेरिया गोठवणीत तगून राहतो. २०१३ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या बेरी-डाळिंबाच्या मिश्रणातून हिपॅटायटिस ए पसरला होता. हात, सुऱ्या, धुण्याचं पाणी, सगळ्याची रोज नोंद हवी. पॅकिंगनंतर मेटल डिटेक्टरही हवा.

कागदपत्रांत आयात-निर्यात कोड, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, आणि अमेरिकेला पाठवणार असाल तर तिथल्या एफडीए या अन्न-औषध खात्याकडे कारखान्याची नोंद. हे कन्सल्टंट करून देतो. फवारणीची वही मात्र तुम्हालाच ठेवावी लागेल. फळमाशीमुळे युरोपने २०१४ मध्ये आपला ताजा आंबा थांबवला होता. गोठवलेल्या मालात माशीची ती धास्ती नाही, पण तुडतुड्यांसाठी मारलेल्या औषधाचा अंश थंडीने जात नाही. तो तपासणीत सापडला की माल नाकारला जातो.

तुमच्या जागी मी असतो तर फणसापासून सुरुवात केली असती. कापा फणसाचे गरे मुळातच ताठ, गोठवणीत आकार सोडत नाहीत. मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा बरका मात्र या कामाचा नाही. कोवळ्या फणसाच्या फोडींना मांसाला पर्याय म्हणून परदेशात मागणी आहे. फळ स्वस्त, बागेत कुजून जाणारं. त्रास फक्त चिकाचा, हाताला आणि कोयतीला तेल लावलं की भागतं.

एका बागेच्या मालाने न्हावा-शेवा बंदरातून जाणारा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर भरणार नाही. तेव्हा यंदा स्वतःचं यंत्र न घेता चालू कारखान्यात जॉबवर्कने, म्हणजे मजुरी देऊन, थोडा माल गोठवून घ्या, दोन-तीन महिने ठेवा, मग वितळवून रस किती गळतो ते वजन करून बघा. एक नमुना औषधांच्या अंशासाठी प्रयोगशाळेत द्या. पुढे स्वतःचं युनिट टाकलंत तर पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, ती तेव्हा चालू असेल तर, ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकतं. आणि खरेदीदाराशी दर बोलण्याआधी त्याच्याकडून फोडीचा आकार, ब्रिक्स (गोडीचं माप), तुटक्या फोडींची चालणारी टक्केवारी आणि पॅकिंगचं वजन लेखी मागवा.